पिनकोड दोनदा लिहिला की काय होतं

तुमचा प्रश्न मला समजला तसा आधी मांडते. तुमची मुलगी नववीत आहे. तिनं वहीत आपला कोल्हापूरचा पिनकोड सलग दोनदा लिहिला, ४१६००१४१६००१ अशी बारा अंकी संख्या झाली आणि ही मूळ संख्या आहे का, असं तिनं तुम्हाला विचारलं. तुम्ही दुकानातला बारा अंकी कॅल्क्युलेटर घेऊन भागायला बसलात. ३ नं भाग गेला. पुढं १९ पर्यंत एकाही मूळ संख्येनं जाईना, मग तुम्ही थांबलात. मोबाईलवर या संख्येचे 'गुणधर्म' म्हणून एक यादी मिळाली: एकूण विभाजक ३२, विभाजकांची बेरीज ५८४६७१११५५२०, पूर्ण वर्ग नाही, हर्षद संख्या नाही, वगैरे. ही यादी खरी का, ती येते कुठून, आणि हातानं काढता येते का, हे तुम्हाला हवंय.

यादी खरी आहे, आणि सगळी हातानं निघते. मी गेली तीस वर्षं आठवी ते दहावीच्या मुलांना गणित शिकवते, त्यातली बरीच वर्षं स्पर्धा परीक्षांच्या तयारीची. एवढ्या मोठ्या संख्येला मुलं घाबरतात ती तिच्या लांबीमुळं. पण लांबीवर फारसं काही नसतं. संख्या कशी तयार झाली आहे यावर बरंच असतं. कुणी उगाच मनाला येतील ते बारा अंक लिहून दिले असते, तर मी तुम्हाला सरळ संगणकाकडं पाठवलं असतं. तुमच्या मुलीची संख्या तशी नाही. तिला घाट आहे.

तुम्ही भागायला बसलात तिथंच मी तुम्हाला थांबवलं असतं. भागाकाराआधी संख्येकडं नुसतं बघायचं. पिनकोड दोनदा लिहिला म्हणजे काय केलं? पहिला पिनकोड सहा घरं डावीकडं सरकवला, म्हणजे दहा लाखांनी गुणला, आणि त्यात तोच पिनकोड मिळवला. म्हणजे ४१६००१ × १०,००,००० + ४१६००१. दोन्हीकडून ४१६००१ बाहेर काढा, उरतं ४१६००१ × १०,००,००१. बारा अंकांचं ओझं एका ओळीत सहा आणि सात अंकांवर आलं. आता दोन वेगळ्या, लहान संख्या फोडायच्या आहेत.

दहा लाख एक ही संख्या मला फार आवडते. १०१ × ९९०१ करून बघा: ९९०१ ची शंभरपट ९,९०,१००, त्यात ९९०१ मिळवले की बरोबर १०,००,००१. याचा अर्थ भारतातला कुठलाही पिनकोड दोनदा लिहा, येणाऱ्या संख्येला १०१ नं आणि ९९०१ नं भाग जाणारच. पन्हाळ्याचा घ्या, मिरजेचा घ्या, सगळ्यांना लागू. (पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली, आणि ती आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठीच. मुलीला हे जरूर सांगा.) तीन अंकी संख्या दोनदा लिहिली तर १००१ नं गुणली जाते, आणि १००१ म्हणजे ७ × ११ × १३. वर्गात मी पहिल्या तासाला हाच खेळ घेते: कुठलीही तीन अंकी संख्या दोनदा लिहा, ७ नं भागा, उत्तराला ११ नं, त्या उत्तराला १३ नं. आधी लिहिलेली तीन अंकी संख्या परत हातात येते तेव्हा पोरांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

आता पिनकोड. ४१६००१ च्या अंकांची बेरीज १२, म्हणून ३ नं भाग जातो आणि उरतात १३८६६७. तुम्ही इथंच अडकलात, आणि तुम्हीच नाही, माझ्याकडची निम्मी मुलं इथं अडकतात. ७, ११, १३, १७, १९, कशानंच भाग जात नाही. १९ पर्यंत आलं की हात दमतो आणि मन म्हणतं, असेल मूळ. पुढच्याच पायरीला २३ आहे. १३८६६७ हे १,३८,००० आणि ६६७ असं तोडून बघा. तेवीस सक एकशे अडतीस, म्हणून १,३८,००० म्हणजे २३ × ६०००. आणि ६६७ म्हणजे २३ × २९. दोन्ही मिळून २३ × ६०२९. कॅल्क्युलेटर लागलाच नाही. तीसपर्यंतचे पाढे पाठ करून घेणाऱ्या जुन्या गुरुजींची मला इथं दर वेळी आठवण येते.

कुठं थांबायचं हा प्रश्न दमण्यावर सोडायचा नाही, त्याला नियम आहे. संख्या फुटत असेल तर तिचा निदान एक अवयव तिच्या वर्गमुळाएवढा किंवा त्याहून लहान असतोच, कारण दोन्ही अवयव वर्गमुळाहून मोठे असते तर गुणाकार संख्येच्या वर गेला असता. ७७ चा वर्ग ५९२९ आणि ७८ चा ६०८४, म्हणून ६०२९ साठी ७३ पर्यंतच्या मूळ संख्या तपासायच्या. त्या २१ आहेत. मी वहीत एकेक करून पाहिल्या. ४१ ला आशा वाटते, बाकी २ उरते. ६७ ला तर बाकी ६६ येते, एकानं हुकतं. कशानंच भाग जात नाही, म्हणजे ६०२९ मूळ.

९९०१ साठी मात्र एवढं करावं लागत नाही, आणि इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण या सगळ्यात मला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

१ ला ७ नं भागलं की ०.१४२८५७१४२८५७… असा आवर्ती दशांश येतो. सहा अंक पुन्हा पुन्हा येतात, आणि ७ वजा १ म्हणजे ६. १ ला १३ नं भागलं तरी आवर्तन सहाच अंकी येतं, आणि १३ वजा १ म्हणजे १२ ला ६ नं भाग जातो. हे नेहमीच असतं: २ आणि ५ सोडून कुठलीही मूळ संख्या घ्या, तिच्या आवर्तनाची लांबी त्या संख्येतून १ वजा केलेल्याला नि:शेष भागते. सतराव्या शतकातल्या फर्मा या फ्रेंच गणितीनं सांगितलेल्या नियमातून हे निघतं. आता समजा ९९०१ ला कुठल्या मूळ संख्येनं भाग जातो. तर तिनं १०,००,००१ लाही भाग जाईल, आणि १०,००,००१ ला ९,९९,९९९ नं गुणलं की बारा नव्वांची संख्या येते, तिलाही जाईल. एखाद्या मूळ संख्येनं जितक्या नव्वांच्या संख्येला भाग जातो, त्या आकड्याला तिच्या आवर्तनाची लांबी नि:शेष भागते. म्हणून त्या मूळ संख्येच्या आवर्तनाची लांबी १२ किंवा १२ चा एखादा विभाजक. १, २, ३ किंवा ६ असती तर तिनं ९,९९,९९९ लाही भाग गेला असता. पण १०,००,००१ आणि ९,९९,९९९ यांच्यात फरक फक्त २ चा, आणि २ नं तर कुणालाच जात नाही. चार लांबीचं आवर्तन असणारी मूळ संख्या एकच, १०१, आणि ९९०१ ला १०१ नं भागलं तर बाकी ३ उरते. म्हणजे लांबी पुरी १२. म्हणजे त्या मूळ संख्येतून १ वजा केलं की उरलेल्याला १२ नं भाग गेलाच पाहिजे.

९९०१ चं वर्गमूळ १०० च्या आत. शंभराच्या आत अशा मूळ संख्या किती? १३, ३७, ६१, ७३ आणि ९७. बस्स. शंभराच्या आतल्या २५ मूळ संख्यांपैकी या पाचच तपासायच्या. बाक्या अनुक्रमे ८, २२, १९, ४६ आणि ७. ९९०१ मूळ. आणि खरोखर १ ला ९९०१ नं भागून बघा, ०.०००१००९९९८९९ एवढे बारा अंक पुन्हा पुन्हा येतात.

हीच युक्ती ऑयलर या स्विस गणितीनं १७३२ मध्ये वापरली. २ चा ३२ वा घात अधिक १, म्हणजे ४२९४९६७२९७, ही मूळ आहे असं खुद्द फर्माला वाटत होतं. ऑयलरनं त्याच्याच नियमाचा धागा पकडून दाखवलं की हिचा कुठलाही मूळ अवयव ६४ च्या पटीपेक्षा १ नं जास्त असलाच पाहिजे. अशा मूळ संख्या ओळीनं १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. पाचव्या संख्येला कुलूप उघडलं: ६४१ × ६७००४१७. पोरांना मी हा प्रसंग सांगते तेव्हा फळ्यावर या पाचही संख्या लिहून एकेक खोडत जाते. दहा अंकी संख्येला भागायचं म्हणजे हजारो भागाकार असं त्यांना वाटत असतं, आणि पाचांत काम होतं.

तर तुमच्या मुलीची संख्या पुरती फुटली:

४१६००१४१६००१ = ३ × २३ × १०१ × ६०२९ × ९९०१

इथं ताळा बघायचा. माझे वडील शाहूपुरीत एका गुळाच्या अडत दुकानात दिवाणजी होते. रव्यांची वजनं, भाव, हमाली, शेतकऱ्याला द्यायची पट्टी, सगळं हातानं. त्यांचं एक वाक्य ठरलेलं, "ताळा बघितल्याबिगर पान उलटायचं न्हाई." नवाचा ताळा म्हणजे अंकांची बेरीज करत एका अंकावर आणायची. ३ चे ३, २३ चे ५, १०१ चे २, ६०२९ चे १७ म्हणजे ८, ९९०१ चे १९ म्हणजे १०, म्हणजे १. गुणत चला: तीन पाचा पंधरा म्हणजे ६, सहा दुणे बारा म्हणजे ३, तीन आठे चोवीस म्हणजे ६, सहा एके ६. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज २४, म्हणजे ६. जुळलं.

पण नवाच्या ताळ्यात एक भोक आहे, ते माहीत हवं. वडिलांनी एकदा पट्टीवर १६८३ च्या जागी १६३८ लिहिले. अंकांची अदलाबदल झाली तरी बेरीज तीच, ताळा जुळला, पान उलटलं. आठवड्यानं तो शेतकरी ४५ रुपये कमी आले म्हणून परत आला. त्या काळी ती रक्कम लहान नव्हती. तेव्हापासून वडील अकराचाही ताळा घेत: उजवीकडून एक अंक मिळवायचा, एक वजा करायचा. शेजारचे दोन वेगळे अंक उलटे पडले की तो लगेच चुकतो. आपल्या संख्येला अकराची बाकी ६ येते आणि पाच अवयवांच्या बाक्या ३, १, २, १, १ गुणल्या तरी ६ च. तुमच्या मुलीला दोन्ही ताळे शिकवा, दहा मिनिटांचं काम आहे.

अवयव हातात आले की तुमच्या यादीतली एकेक ओळ आपोआप सुटते. विभाजक ३२ का? विभाजक बनवायचा म्हणजे या पाच मूळ संख्यांपैकी प्रत्येकीला आत घ्यायची की नाही एवढंच ठरवायचं. प्रत्येकीला दोन पर्याय, पाच वेळा दोन, ३२. एकही घेतली नाही तर विभाजक १, सगळ्या घेतल्या तर संख्या स्वतः. विभाजकांची बेरीज समजायला आधी ६९ घ्या, म्हणजे ३ × २३. त्याचे विभाजक १, ३, २३, ६९, बेरीज ९६, आणि ९६ म्हणजे (१+३) × (१+२३). कंस सोडवून बघा, तेच चार विभाजक बाहेर पडतात. म्हणून आपल्या संख्येसाठी ४ × २४ × १०२ × ६०३० × ९९०२, आणि हा गुणाकार बरोबर ५८४६७१११५५२० येतो. मी कागदावर केला आणि अकराचा ताळाही घेतला. यातून संख्या स्वतः वजा केली तर १६८६६९६९९५१९ उरतात. हे संख्येहून कमी आहेत, म्हणून ती परिपूर्ण नाही, उणी आहे. परिपूर्ण म्हणजे ६ किंवा २८ सारखी, स्वतःला सोडून बाकी विभाजकांची बेरीज स्वतःएवढी असणारी.

१ पासून या संख्येपर्यंत तिच्याशी सहमूळ, म्हणजे तिच्याशी १ सोडून एकही सामाईक विभाजक नसलेल्या, संख्या किती? तीनपैकी दोन ३ च्या पटीत नसतात, तेविसांतल्या बावीस २३ च्या पटीत नसतात, असं पुढं. २ × २२ × १०० × ६०२८ × ९९०० = २६२५७९६८००००. पूर्ण वर्ग नाही हे तर तुम्ही पहिल्याच मिनिटाला सांगू शकला असता: ३ नं भाग जातो, ९ नं जात नाही.

यादीत नसलेला एक गुणधर्म मला काल रात्री सापडला आणि मी खूश झाले. मोठ्या तीन अवयवांकडं बघा: १०१ = १² + १०², ६०२९ = ७७² + १०², ९९०१ = ९९² + १०². तिन्ही दोन वर्गांच्या बेरजा आणि तिन्हींत १०². चारानं भागून १ उरणारी प्रत्येक मूळ संख्या अशी लिहिता येते हा सिद्ध झालेला नियम आहे, पण तिघींत तोच १० यावा हा केवळ योग. अशा दोन संख्यांचा गुणाकारही दोन वर्गांची बेरीज होतो, हे ब्रह्मगुप्तानं ६२८ सालीच सांगून ठेवलंय. मात्र आपली पुरी संख्या तशी लिहिता येत नाही. ३ आणि २३ यांना चारानं भागलं तर ३ उरतात, आणि दोघी एकेकदाच आल्या आहेत, त्या वाट अडवतात.

राहिलं हर्षद. हे नाव आपल्या देवळालीच्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी दिलेलं, अंकांच्या बेरजेनं भाग जाणाऱ्या संख्येला. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज २४ आणि संख्या विषम, म्हणून हर्षद नाही. कापरेकर शाळामास्तर होते, ६१७४ ची त्यांची गंमत जगभर गेली, आणि मी ती दर वर्षी वर्गात दाखवते. पण हा गुणधर्म वेगळ्या जातीचा आहे हे मुलीला सांगा. १२ ही संख्या दहाच्या पायात, म्हणजे आपल्या नेहमीच्या एकं-दहं लिखाणात, हर्षद आहे, कारण १ + २ = ३. तीच आठच्या पायात, म्हणजे दहाऐवजी आठाचे गट करून, १४ अशी लिहिली जाते (एक आठ आणि चार), बेरीज ५, आणि बाराला पाचानं भाग जात नाही. मूळ अवयव, विभाजक, सहमूळ हे संख्येचे गुण, कुठल्याही पायात लिहा, तसेच राहतात. अंकांच्या बेरजेचे गुण तिच्या लिखाणाचे. वहीत दोन रकाने करायला सांगा, घोटाळा होणार नाही.

आता हे सगळं कुठं चालत नाही तेही सांगते. घाट नसलेली एवढीच मोठी बारा अंकी संख्या आली तर वर्गमूळ साडेसहा लाखांच्या आसपास जातं आणि तपासायच्या मूळ संख्या पन्नास हजारांवर. ते संगणकानंच करावं, त्याला डोळ्याचं पातं लवायला लागतं तेवढाही वेळ लागत नाही. शेकडो अंकांची संख्या असेल तर दोन प्रश्न वेगळे होतात. ती मूळ आहे की नाही हे लवकर कळतं. आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी २००२ मध्ये त्याची पक्की, तुलनेनं झटपट रीत दिली. पण मूळ नाही असं कळल्यावर तिचे अवयव सांगणं संगणकालाही फार जड जातं, आणि बऱ्याच ऑनलाइन व्यवहारांची कुलपं त्या जडपणावर उभी आहेत. परीक्षेपुरतं विचारत असाल तर यातलं काही लागत नाही. वर्गमुळापर्यंत तपासायचं आणि ताळा घ्यायचा, एवढं पुरे.

मुलीला पुढचं काम द्यायचं असेल तर हे द्या: एखादा पिनकोड दोनदा लिहून पूर्ण वर्ग होईल का? कधीच नाही. १०१ आणि ९९०१ एकेकदाच येतात, वर्ग व्हायला पिनकोडमध्येही ती दोन्ही असायला हवीत, म्हणजे पिनकोड निदान १०,००,००१ हवा, आणि तो तर सात अंकी. मग कमीत कमी किती अंकी संख्या दोनदा लिहिली तर वर्ग होऊ शकतो? तिला आधी शोधू दे. उत्तर आहे अकरा, कारण १ वर दहा शून्यं आणि शेवटी १, म्हणजे १००००००००००१ या संख्येला १२१ नं, अकराच्या वर्गानं, भाग जातो. १३२२३१४०४९६ दोनदा लिहा: १३२२३१४०४९६१३२२३१४०४९६. हा ३६३६३६३६३६४ चा वर्ग. ताळा मात्र कागदावरच घ्या. तुमच्या कॅल्क्युलेटरवर बावीस अंक मावणार नाहीत, आणि एक्सेल पंधरा अंकांपुढचे सगळे अंक शून्य करून टाकतं.